शर्यतीच्या ढाबळीत लक्का

प्रश्न : प्रकृतीमुळे शर्यतीची कबुतरे उडवणे आता जमत नाही. त्याच ढाबळीत लक्का या पंख्यासारख्या शेपटीच्या जातीची पैदास करून ती प्रदर्शनात मांडता येतील का?
– एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : अवश्य, मात्र पाखराकडे पाहण्याची दृष्टी बदलावी लागेल. शर्यतीत वेग आणि घराची ओढ महत्त्वाची, तर प्रदर्शनात परीक्षक ठेवण, पिसारा आणि स्वच्छता पाहतात. साध्या कबुतराच्या शेपटीत १२ पिसे असतात, लक्क्याच्या शेपटीत साधारण ३० ते ४०. अरुंद खणात ती घासून मोडतात, म्हणून खण रुंदच हवा. हाच पिसारा जोडी लागताना आड येत असल्याने जाणकार विणीच्या हंगामात शेपटीखालची पिसे कातरतात. पायात ओळखीची बंद (न उघडणारी) कडी घालायची असल्यास पिल्लू आठवड्याचे असतानाच घालावी, कारण पुढे पंजा तिच्यातून जात नाही. लक्क्याला गच्चीवर मोकळे सोडू नये. घारीपुढे त्याचा निभाव लागत नाही.

शर्यतीची जुनी पाखरे मात्र घालवू नका, ही माझी आग्रहाची विनंती. दुसऱ्याला दिलीत, तरी मोकळी सुटताच ती बहुधा तुमच्याच ढाबळीवर परततील. शिवाय त्यांतील शांत जोड्या, अंडी एकाच सुमारास घातलेली असल्यास, लक्क्याची अंडी १८ दिवस उबवून पिल्लांना उत्तम भरवतात.