दगड उकळू नका, आधी रात्री टॉर्च घेऊन बसा

तुमची खाऱ्या पाण्यातल्या माशांची टाकी तीन महिन्यांची, त्यातला लाइव्ह रॉक, म्हणजे जिवाणू आणि बारीक जीव वसलेला समुद्री दगड, कुणाच्या तरी जुन्या टाकीतला. काचेवर पांढरे ठिपके पळताहेत, दगडातून गुलाबी केसाळ किडा डोकावतोय, तपकिरी फुलासारखं काहीतरी वाढतंय आणि रात्री मधूनच टक् असा आवाज येतोय. म्हणून सगळे दगड उकळून काढू का, असं तुम्ही विचारताय. कृपा करून उकळू नका. दगडावर झोअँथिड किंवा पॅलिथोआ हे कोरलसारखे जीव असतील तर त्यांचं पॅलिटॉक्सिन हे जहाल विष वाफेबरोबर घरभर पसरू शकतं. अशाने अख्खी कुटुंबं रुग्णालयात दाखल झाल्याच्या नोंदी आहेत. शिवाय दगडातले जिवाणू मेले की टाकीचं सायकलिंग, म्हणजे माशांची घाण पचवणारे जिवाणू वाढवणं, पुन्हा पहिल्यापासून.

ठिपक्यांची काळजी सोडा. झटके देत पळत असतील तर ते कोपेपॉड, म्हणजे निरुपद्रवी बारीक कवचधारी जीव. मँडरिन मासा त्यांच्यावरच जगतो.

किड्याकडे मात्र नीट बघायला हवं. दिवे गेल्यावर तासाभराने टॉर्चवर लाल जिलेटिन लावून बसा. लाल उजेडात हे जीव सहसा पळत नाहीत. साधा ब्रिसल वर्म अंगाने गुलाबी-करडा असतो, दोन्ही बाजूंना पांढऱ्या केसांचे झुबके असतात आणि उरलंसुरलं अन्न, मेलेली गोगलगाय असलं सगळं तो साफ करतो. मासा मरून पडला की त्याच्यावर हेच किडे दिसतात, आणि मग मारल्याचा आळ त्यांच्यावर येतो. खरा त्रासदायक म्हणजे फायरवर्म, शास्त्रीय नाव हर्मोडाइस. त्याच्या डोक्यावर घड्यांचा तुरा असतो, झुबक्यांच्या बुडाशी लालसर कल्ले दिसतात आणि तो जिवंत कोरल खातो. पण तो अटलांटिक, कॅरिबियन आणि भूमध्य समुद्रातला. तुमचा दगड मुळात इंडोनेशियाकडचा असेल तर तो निघण्याची शक्यता फारच कमी. हात कुठल्याच किड्याला लावू नका. केस कातडीत मोडून राहतात आणि आग होते. लागलेच तर चिकटपट्टी लावून ओढून काढा, चोळू नका. किडे फारच वाढले असतील तर माशांचं खाणं कमी करा, त्यांची संख्या आपोआप उतरते.

तपकिरी फूल तुमच्या फोटोवरून आयप्टेशियाच वाटतंय, म्हणजे टाकीत झपाट्याने पसरणारं उपद्रवी समुद्रफूल. लांब देठ, पारदर्शक टोकदार शुंडके, आणि धक्का लागताच झटकन भोकात आत. त्याला खरवडू नका, कापू नका. तळाचा बारीकसा तुकडा राहिला तरी त्यातून नवीन उगवतं. पंप बंद करून कालकवासरची (कॅल्शियम हायड्रॉक्साइडची) घट्ट पेस्ट सिरिंजने थेट तोंडावर सोडा, किंवा आयप्टेशिया खाणारी पेपरमिंट श्रिम्प ही कोळंबी आणा. हे काम या आठवड्यातच उरका, दोनाचे वीस व्हायला वेळ लागत नाही.

आवाज पिस्टल श्रिम्पचा असेल किंवा मँटिस श्रिम्पचा. एक नांगी दुसरीपेक्षा खूप मोठी दिसली तर पिस्टल. तो खुशाल राहू दे. देठावर फिरणारे डोळे आणि छातीशी दुमडलेले हात दिसले तर मँटिस. तो खेकडे, गोगलगायी, लहान मासे टिपतो आणि बोटही फोडू शकतो, त्यामुळे उघड्या हाताने दगड उचलू नका. त्याला पकडायला प्लॅस्टिकच्या बाटलीचं तोंड कापून उलटं बसवा, आत कोळंबीचा तुकडा ठेवा आणि रात्री त्या दगडाशेजारी ठेवून द्या.

पुढचा फोटो टाकाल तेव्हा किड्याच्या डोक्याचा टाका, काचेला मोजपट्टी लावून, आणि निळे दिवे बंद करून पांढऱ्या उजेडात. निळ्यात सगळंच एका रंगाचं दिसतं, कल्ल्यांची लाली अजिबात कळत नाही.