व्हाउचर मिळालं, मग फी का वाढली?

अमेरिकेतल्या कॅथलिक शाळांच्या फीवाढीबद्दल आणि राज्य सरकारांच्या व्हाउचरबद्दल, म्हणजे खासगी शाळेच्या फीसाठी सरकार पालकांना देतं त्या रकमेबद्दल, बरीच पत्रं आली आहेत. त्यांतली पाच इथे घेतो. बाकीच्यांचे प्रश्न बहुतेक यांतच येऊन जातात.

प्रश्न : आम्ही आयोवात डी मॉइनजवळ राहतो. मुलगी कॅथलिक शाळेत किंडरगार्टनला गेली आणि राज्याकडून वर्षाला साडेसात हजार डॉलर मिळणार म्हणून आम्ही खूश होतो. पण त्याच वर्षी शाळेने फी वाढवली. शाळा म्हणते, शिक्षकांचे पगार वाढवायचे होते. हा योगायोग समजायचा का?

योगायोग नाही. गव्हर्नर किम रेनल्ड्स यांनी जानेवारी २०२३मध्ये हे पैसे देणाऱ्या कायद्यावर सही केली. पहिल्या वर्षी प्रत्येक पात्र मुलामागे ७,६३५ डॉलर ठरले. किंडरगार्टनच्या मुलांना उत्पन्नाची अट नव्हती. खासगी शाळेत आधीपासून शिकणाऱ्या वरच्या वर्गांतल्या मुलांना मात्र होती, आणि ती टप्प्याटप्प्याने शिथिल होत तिसऱ्या वर्षी गेली. प्रिन्स्टन विद्यापीठाच्या दोन संशोधकांनी आयोवातल्या खासगी शाळांची फी शेजारच्या नेब्रास्काशी ताडून पाहिली. जिथे सगळी मुलं पात्र होती त्या किंडरगार्टनची फी २१ ते २५ टक्क्यांनी जास्त वाढलेली निघाली. जिथे फक्त काही मुलं पात्र होती त्या पहिली ते बारावीत ही वाढ १० ते १६ टक्के होती. किंडरगार्टनखालच्या प्री-के वर्गाला सरकारी पैसा नव्हता, तिथे म्हणण्यासारखी वाढ दिसली नाही. पैसा जितका मोकळा, तितकी फी वर, इतकं हे सरळ आहे.

तरीही शाळा खोटं बोलते असं मी म्हणणार नाही. कॅथलिक शाळेची छापील फी हा बहुतेक ठिकाणी मुलामागचा खरा खर्च नसतोच. समजा, एका मुलामागे ८,००० खर्च येतो आणि फी ४,५०० आहे. मधले ३,५०० रविवारच्या मिस्सेतल्या (चर्चमधल्या सामूहिक उपासनेतल्या) दानातून, वार्षिक भोजनाच्या तिकिटांतून, लिलावातून आणि माजी विद्यार्थ्यांच्या देणग्यांतून उभे राहतात. शिक्षकही सहसा शेजारच्या सरकारी शाळेपेक्षा कमी पगारावर काम करतात, म्हणजे त्या तुटीचा एक हिस्सा तेच सोसत असतात. आता राज्य ७,६०० देतंय म्हटल्यावर फी ७,६०० करण्याचा मोह कोणत्या फादरला होणार नाही? पालकांच्या खिशाला झळ नाही आणि चर्चवरचा भार हलका.

या उदाहरणात तुमचा खर्च ४,५००वरून शून्यावर आला, म्हणजे फी वाढूनही फायदा झाला. पण शाळेच्या हाती मुलामागे ३,१०० जास्त आले आणि ते सगळे करदात्याचे आहेत. पहिल्या वर्षी आयोवात हे व्हाउचर मिळालेल्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश मुलं आधीपासूनच खासगी शाळेत होती. वर्गात मुलं थोडीच वाढली, पैसा मात्र भरपूर आला. चेपले गेले ते पहिल्या दोन वर्षांतले अपात्र पालक. वाढलेली फी त्यांनी पदरच्या पैशांतून भरली.

फीवाढीपेक्षा मला जास्त खटकते ती तिच्या आडून बंद होणारी सवलत. दुसऱ्या-तिसऱ्या भावंडाची सूट, चर्चच्या सभासदांचा वेगळा दर, शाळेची स्वतःची मदत. यातलं काय चालू आहे आणि काय गुपचूप गेलं, हे फीपत्रकात ठळक लिहिलेलं नसतं. ऑफिसमध्ये जाऊन मागच्या तीन वर्षांची पत्रकं मागा आणि एकच प्रश्न विचारा : व्हाउचर वजा जाता सगळ्या मुलांचे मिळून, नोंदणी, टेक्नॉलॉजी आणि पुस्तकांच्या फीसकट, मला किती भरायचेत? आणि पगार वाढवले असतील तर पालकसभेत सांगायला काहीच हरकत नसावी. ज्या मुख्याध्यापिका हा आकडा न कचरता सांगतात, त्यांच्या फीवाढीवर मी सहसा वाद घालत नाही.

प्रश्न : कोलंबसजवळ राहतो, दोघेही आयटीत. मित्र म्हणतात ओहायोत आता सगळ्यांनाच व्हाउचर मिळतं. आमचं उत्पन्न बरं आहे आणि आम्ही एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर आहोत. अर्ज करावा का?

'सगळ्यांना' हे खरं आहे, 'सारखं' हे नाही. २०२३च्या अर्थसंकल्पात ओहायोने एडचॉइस ही आपली व्हाउचर योजना सर्वांना खुली केली. त्या पहिल्या वर्षी पूर्ण रक्कम आठवीपर्यंत ६,१६५ आणि हायस्कूलला ८,४०७ डॉलर होती, पण ती केंद्राच्या दारिद्र्यरेषेच्या साडेचारपटीपर्यंतच्या घरांना. चौघांच्या कुटुंबासाठी तेव्हा ही मर्यादा १,३५,००० डॉलर होती. त्यापुढे रक्कम उतरत उतरत साधारण दहा टक्क्यांवर येते. दोन आयटी पगारांत तुम्ही त्या उतारावर कुठेतरी असणार. उत्पन्नाची कागदपत्रं न देताही अर्ज होतो, पण मग तळाचीच रक्कम पदरात पडते.

योजनेचा कणा राज्यातलं वास्तव्य हा आहे. तुमच्या व्हिसाबद्दल शाळेच्या ऑफिसला लेखी विचारून घ्या, व्हॉट्सअॅप ग्रुपवर नको. अर्जही प्रवेश मिळाल्यावर शाळेमार्फतच जातो.

एक गोष्ट मात्र डोक्यात ठेवा. जून २०२५मध्ये कोलंबसच्याच फ्रँकलिन काउंटी न्यायालयाने एडचॉइस राज्यघटनेत बसत नाही असा निकाल दिला. अपिलासाठी त्याला स्थगिती असल्याने योजना बंद पडली नाही. तरी उद्या व्हाउचर गेलं तर हीच फी आपण भरू शकू का, हा हिशेब हायस्कूलच्या चारही वर्षांचा करा. भरता येणार नसेल, तर पोराला मधल्या वर्षी शाळेतून काढण्याची वेळ येईल, आणि ते पैशापेक्षा महाग पडतं.

प्रश्न : मी मूळची वसईची, कॅथलिक. लहानपणी सिस्टर्सच्या शाळेत फी जवळजवळ नव्हतीच. इथे सिनसिनाटीत दोन मुलांची फी बघून डोळे पांढरे झाले. चर्चचीच शाळा, चर्चचीच माणसं, मग एवढी फी कशी?

ताई, तुमच्या वसईच्या शाळेत फी कमी होती ती फक्त सिस्टर्समुळे नव्हे. शाळा अनुदानित असेल, तर शिक्षकांचा पगार महाराष्ट्र सरकार देत होतं. अमेरिकेत कॅथलिक शाळेला असं अनुदान सहसा मिळालं नाही. इथे तो भार धर्मभगिनींनी उचलला.

१८८४मध्ये बाल्टिमोरला जमलेल्या अमेरिकन बिशपांनी प्रत्येक धर्मग्रामाने (एका चर्चच्या परिसरातल्या कॅथलिक समाजाने) आपली शाळा उभी करावी असा आदेश काढला. स्थलांतरित आयरिश, जर्मन, पोलिश, इटालियन मजुरांच्या वर्गणीतून इमारती उभ्या राहिल्या आणि आत शिकवायला सिस्टर्स. मोबदला नाममात्र, राहणं मठात, वर्गात पन्नास-साठ मुलं. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला सुमारे १३,००० कॅथलिक शाळांत ५२ लाख मुलं शिकत होती. मग धर्मभगिनी कमी होत गेल्या आणि जुन्या वस्त्यांतली कॅथलिक कुटुंबं उपनगरांत गेली. आज मुलं १७ लाखांच्या आसपास आहेत, शाळा सहा हजारांच्या आत, आणि शंभरातले ९७ शिक्षक सामान्य संसारी माणसं. त्यांना पगार, आरोग्यविमा, निवृत्तीची तरतूद सगळंच लागतं. त्यात १९२०-३०च्या इमारतींची छपरं आणि बॉयलर. पटसंख्या घटली की तोच खर्च कमी डोक्यांवर विभागला जातो, फी वाढते, फी वाढली की आणखी दोन कुटुंबं जातात. व्हाउचर नसलेल्या राज्यांतही फी वाढली ती या चक्रामुळे.

तुमच्या हातातली गोष्ट म्हणजे धर्मग्रामात रीतसर नाव नोंदवणं. नुसतं रविवारी मिस्सेला बसून चालत नाही. नाव, पत्ता, दानाचं पाकीट किंवा ऑनलाइन देणगी अशी नोंद दिसली की सभासदांचा दर लागतो, आणि हा फरक मोठा असू शकतो. कॅन्ससमधल्या विचिटा धर्मप्रांतात (एका बिशपच्या अखत्यारीतल्या भागात) तर सक्रिय सभासदांच्या मुलांना फीच नाही. सगळा धर्मग्राम उत्पन्नाचा ठरावीक वाटा देतो आणि त्यातून शाळा चालतात. तुमच्या लहानपणच्या शाळेच्या जवळ जाणारं मला इथे तेवढंच सापडतं. आणि मदतीचा अर्ज भरायला लाजू नका. तो बहुतेक ठिकाणी बाहेरच्या कंपनीकडून तपासला जातो, फादर तुमचा पगार वाचत बसत नाहीत.

प्रश्न : मी पुण्यात असतो, नातवंडं मिलवॉकीत. चर्चच्या शाळेला सरकार पैसे कसे देऊ शकतं, तिथे तर धर्म आणि राज्य वेगळे म्हणतात ना? आणि हे आपल्या आरटीईच्या २५ टक्क्यांसारखंच का? आम्ही हिंदू, नातवाला प्रार्थनेला बसवतील का? त्याची स्पीच थेरपीही चालू आहे.

आजोबा, एका पत्रात चार प्रश्न घातलेत, पण चारही नेमके आहेत.

सरकार शाळेला देत नाही, पालकाला देतं, आणि सगळा कायदा या एका वळणावर उभा आहे. १९७१मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कॅथलिक शाळांतल्या शिक्षकांच्या पगाराला थेट सरकारी पैसा देणं घटनाबाह्य ठरवलं. २००२मध्ये क्लीव्हलंडच्या व्हाउचरचा खटला आला. तिथे व्हाउचरवाली ९६ टक्के मुलं धार्मिक शाळांत होती. तरीही पाच विरुद्ध चार मतांनी न्यायालय म्हणालं की शाळा पालकाने निवडली आहे, सरकारने नाही, म्हणून चालेल. २०२० आणि २०२२च्या निकालांनी पुढचं पाऊल टाकलं : राज्य खासगी शाळांना पैसा देणार असेल, तर शाळा धार्मिक आहे म्हणून तिला वगळता येणार नाही. मला यातली गंमत वाटते ती अशी, की महाराष्ट्रात जो पैसा पगार म्हणून राजरोस शाळेच्या नावावर जातो, तोच तिथे पालकाच्या हातून फिरवून आणावा लागतो.

आरटीईशी साम्य वरवरचं आहे. आपल्याकडे खासगी शाळेतल्या प्रवेशवर्गाच्या २५ टक्के जागा दुर्बल घटकांना, सोडतीने, आणि प्रतिपूर्ती सरकार शाळेला करतं. ती किती रखडते ते पुण्यात वेगळं सांगायला नको. पुन्हा, २०१४च्या निकालानंतर अल्पसंख्याक शाळांना आरटीई लागूच नाही, त्यामुळे पुण्यातलं कॉन्व्हेंट त्या यादीत सापडणार नाही. फीवाढीला महाराष्ट्रात निदान २०११चा कायदा आणि पालकांची समिती आहे, कागदावर का होईना. अमेरिकेत खासगी शाळेच्या फीवर असा अंकुश सहसा नसतो.

मिलवॉकी मात्र जरा वेगळं आहे. आधुनिक व्हाउचर १९९०मध्ये तिथेच सुरू झालं, गरीब मुलांसाठी. १९९८मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने धार्मिक शाळांनाही मोकळीक दिली. तिथला कायदा कडक आहे. आठवीपर्यंत व्हाउचरच्या मुलाकडून वरची फी घेता येत नाही, आणि पालकांनी लेखी दिलं तर मुलाला धार्मिक कार्यक्रमातून सूट द्यावी लागते. इतर बहुतेक राज्यांत ही हमी नाही. तिथे धर्माचा तास रोजचा आणि आठवड्याला एक मिस्सा हे गृहीत धरूनच जायचं. बरीच हिंदू मुलं आनंदाने बसतात, घरी येऊन 'हेल मेरी' म्हणून दाखवतात. तुमच्या घरात त्याने कोणाच्या पोटात गोळा येणार असेल, तर आधीच ठरवा.

थेरपीबद्दल मला खरी काळजी वाटते. सरकारी शाळेत अपंगत्व असलेल्या किंवा वेगळी मदत लागणाऱ्या मुलाला १९७५च्या केंद्रीय कायद्याने हक्क आहेत. त्याची वैयक्तिक योजना लिहून होते आणि ती पाळली नाही तर पालक दाद मागू शकतात. पालकांनी आपणहून खासगी शाळेत घातलं की तो वैयक्तिक हक्क सोबत जात नाही. काही सेवा मिळू शकतात, पण मागितल्या म्हणून मिळतीलच असं नाही. विस्कॉन्सिनमध्ये अशा मुलांसाठी वेगळं व्हाउचर आहे, ओहायोतही आहे. मुलाला साध्या योजनेत ढकलण्याआधी सुनेला त्याची चौकशी करायला सांगा. आणि शाळेत थेरपिस्ट आठवड्यातून किती वेळा येतात, हे त्यांच्याकडून लेखी घ्यायला सांगा.

प्रश्न : डॅलसला आहोत. टेक्सासमध्येही योजना आली म्हणतात. शेजारच्या कॅथलिक शाळेने आत्ताच जागा अडवायला अनामत मागितली आहे. भरावी का?

परत मिळणार असेल तर भरा. गव्हर्नर ग्रेग अॅबट यांनी मे २०२५मध्ये सही केलेल्या कायद्यात २०२६-२७पासून एक अब्ज डॉलरची तरतूद आहे. खासगी शाळेतल्या मुलामागे रक्कम दहा हजारांच्या आसपास येते. पण अर्ज जास्त आले तर आधी अपंगत्व असलेली मुलं, मग कमी उत्पन्नाची घरं असा क्रम लागतो. दारिद्र्यरेषेच्या पाचपटीहून जास्त कमावणाऱ्यांसाठी फार तर २० टक्के निधी. मूल नागरिक हवं किंवा कायदेशीर प्रवेश मिळालेलं.

म्हणजे जागा मिळाली तरी पैसा मिळेलच असं नाही. अनामतीच्या कागदावर 'राज्याचा निधी न मिळाल्यास परत' एवढी ओळ शाळेकडून लिहून घ्या. लिहून देत नसतील, तर ती रक्कम गेली असं समजूनच सही करा.