ठिपका दिसला म्हणजे ग्रह नव्हे

दुसऱ्या ताऱ्यांभोवतीचे ग्रह थेट प्रतिमांमध्ये शोधायचे, हा विषय छान निवडलात. प्रतिमांआधी ताऱ्याचं वय पाहा. बीटा पिक्टोरिस या तरुण ताऱ्यांच्या गटातले तारे जेमतेम दोन-अडीच कोटी वर्षांचे, त्यामुळे त्यांचे ग्रह अजून जन्माच्या उष्णतेनं तापलेले आहेत आणि अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाशात दिसू शकतात. वय चुकलं, तर तेजावरून काढलेलं ग्रहाचं वस्तुमानही चुकतं.

नवखे हमखास फसतात ते इथे:

- ताऱ्यालगतचे ठिपके बहुतेकदा दुर्बिणीच्या प्रकाशिकीतून उमटलेले डाग असतात. तरंगलांबी बदलली की ते ताऱ्यापासून आत-बाहेर सरकतात. खरा सोबती, म्हणजे ताऱ्याभोवती फिरणारा पिंड, तेव्हा जागचा हलत नाही.
- जरा दूरचा ठिपका बहुधा मागचा एखादा तारा निघतो. वर्षभरानं पुन्हा प्रतिमा घ्या. जवळचा तारा तोवर आकाशात थोडा सरकलेला असतो आणि सोबती त्याच्याबरोबर जातो, मागचा तारा नाही. २एम१२०७ या अंधुक पिंडाचा सोबती २००४मध्ये टिपला गेला, पण खात्री पटायला २००५ उजाडलं!

स्वतःच्या निरीक्षणांसाठी थांबू नका. युरोपीय दक्षिण वेधशाळेच्या संग्रहात जुनी निरीक्षणं खुली आहेत. एचआर ८७९९ या ताऱ्याच्या प्रतिमांवर हात बसवा; त्याच्या चारही ग्रहांच्या जागा ठाऊक असल्यानं चूक लगेच कळते. प्रतिमा-वजाबाकीच्या, म्हणजे प्रतिमेतून ताऱ्याचा प्रकाश वजा करण्याच्या, भारी पद्धती सध्या राहू द्या. जोरात वापरल्या तर त्या ग्रहालाच पुसून टाकतात.