तारामाशाआधी त्याचं उष्टं शोध

ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर, प्रवाळखडकांवर, पहिल्यांदाच तारामाशांच्या मोजणीला उतरतोयस ना? मग प्रवाळ फस्त करणारा हा काटेरी तारामासा (क्राउन-ऑफ-थॉर्न्स) शोधत फिरू नकोस. दिवसा तो बरेचदा कपारीत दडलेला असतो. आधी त्याचं उष्टं शोध. खाल्लेलं प्रवाळ पांढरंशुभ्र दिसतं, नुसता सांगाडा. जुनं झालं की त्यावर हिरवट शेवाळ धरतं. ब्लीचिंग, म्हणजे पाणी तापल्याने प्रवाळाचा रंग उडणं, तेही पांढरंच, पण तिथे पातळ, पारदर्शक मांस शाबूत असतं. अगदी जवळून बघितल्याशिवाय पाटीवर काही लिहू नकोस. ड्रुपेला गोगलगायीही अशीच नासधूस करतात, तेव्हा प्रवाळाच्या फांद्यांच्या बुंध्याशी डोकाव. तारामाशाची पहिली धाड बहुधा ॲक्रोपोरा या प्रवाळावरच पडते.

तारामासे मारायचं काम परवानगी असलेल्या पाणबुड्यांचं. पित्तक्षारांचं एकच इंजेक्शन पुरतं. पूर्वी सोडियम बायसल्फेट हे रसायन एकाच तारामाशाला ठिकठिकाणी टोचत बसावं लागायचं. साधं व्हिनेगरही चालतं, हे जेम्स कुक विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलंय. तुकडे मात्र करायचे नाहीत, तुटलेला भाग पुन्हा वाढू शकतो. काटे विषारी आहेत, हातमोज्यांच्या भरवशावर राहू नकोस. टोचलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडव आणि बोटीवर लगेच सांग. उगाच मर्दुमकी नको.

साफ केलेल्या खडकावर पुन्हा फेरी मारावीच लागते, कारण लहान तारामासे पहिल्या वेळी नजरेतून सुटतातच.