लोकशाहीपेक्षा एखादा चांगला हुकूमशहा परवडला, असं का म्हणू नये?

तुम्ही लिहिलंय की लोकशाहीत साधा निर्णयसुद्धा वर्षानुवर्षं रखडतो, हुकूमशहा मात्र आज बोलला की उद्या काम सुरू. मग एखादा सचोटीचा, हुशार हुकूमशहा मिळाला तर बिघडलं कुठे? प्रश्न खोडसाळ नाही. विशीत असताना माझंही हेच मत होतं आणि मी ते तावातावाने मांडायचो.

घाईच्या वेळी एकाच्याच हाती सूत्रं असावीत, हे प्राचीन रोमनांनाही पटलेलं होतं. 'डिक्टेटर' हा शब्दच त्यांचा, आणि तेव्हा ती शिवी नव्हती, ते एक पद होतं. राज्यावर संकट आलं की एका माणसाला सगळे अधिकार द्यायचे, पण जास्तीत जास्त सहा महिने. काम उरकलं की पायउतार व्हायचं. ही सोय बराच काळ नीट चालली. मग इ.स.पू. ८२ मध्ये सेनापती सुल्ला मुदतीविनाच डिक्टेटर झाला, आणि इ.स.पू. ४४ मध्ये ज्युलियस सीझर तहहयात. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये सीझरला भर सभेत भोसकून मारलं. तहहयात बसलेल्या माणसाला उठवायचा दुसरा कुठला रस्ता शिल्लक होता?

पण माझं मत बदललं ते यामुळे नाही. माझं रोजचं काम आकडे तपासायचं, त्यामुळे हुकूमशाही म्हटलं की तुरुंग आणि फाशीच्या आधी मला १९३७ची सोव्हिएत जनगणना आठवते. देशाची लोकसंख्या १९३३ अखेर १६ कोटी ८० लाख झाली, असं स्टालिनने पक्षाच्या अधिवेशनात जाहीर करून टाकलं होतं. म्हणजे १९३७ साली आकडा त्याहून बराच वर असायला हवा. जानेवारीत मोजणी झाली आणि बेरीज आली १६ कोटी २० लाख. त्याआधीच, १९३२-३३ मध्ये, युक्रेन, कझाकस्तान आणि व्होल्गाच्या खोऱ्यात भयंकर दुष्काळ पडून गेला होता, तोही सरकारने धान्य ओरबाडून नेल्यामुळे. ती मेलेली माणसं कागदावर कुठून येणार? त्यात भर म्हणजे या जनगणनेत धर्माचाही प्रश्न होता, आणि निधर्मी राज्याच्या वीस वर्षांनंतर निम्म्याहून जास्त प्रौढांनी आपण श्रद्धाळू आहोत असं बिनधास्त सांगितलं.

मग काय झालं? जनगणनाच रद्द केली. सांख्यिकी खात्यातल्या वरिष्ठांना अटक झाली, काहींना गोळ्या घातल्या. १९३९ मध्ये नव्याने मोजणी झाली, तेव्हा मात्र आकडा १७ कोटींच्या थोडा वर आला. आता तुम्हीच सांगा, त्या दुसऱ्या खेपेला मोजायला बसलेल्या कारकुनाच्या मनात काय चाललं असेल?

माझ्या मते दोन्ही पद्धतींतला खरा फरक इथे आहे. हुकूमशहा हुशार आहे की मठ्ठ, सज्जन आहे की क्रूर, हे नंतरचं. मुळात त्याच्या टेबलावर खरी बातमी पोचतच नाही, कारण वाईट बातमी वर नेणाऱ्याच्या मानेवर सुरी असते. चीनमध्ये १९५८ नंतर तेच झालं. वरून पिकाचं अचाट लक्ष्य यायचं, खालचे अधिकारी ते पूर्ण झाल्याचं कळवायचे, आणि त्या फुगवलेल्या आकड्यांवर सरकार धान्यवसुली ठरवायचं. न पिकलेलं धान्य गावातून उचललं जायचं, म्हणजे खाण्यापुरतंही राहायचं नाही. १९५९च्या उन्हाळ्यात लुशान इथल्या पक्षाच्या बैठकीवेळी संरक्षणमंत्री पेंग दहुआई यांनी माओला खासगी पत्र लिहून हे कानावर घातलं. कोरियन युद्धात चिनी फौजांचं नेतृत्व केलेला हा माणूस, पण त्याचंही मंत्रिपद गेलं. त्यानंतर कोण तोंड उघडणार? त्या दुष्काळात किती माणसं दगावली याचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत जातात. अमर्त्य सेन सांगत आले की चालत्या लोकशाहीत मोठा दुष्काळ पडत नाही, त्याचं कारण हेच. तिथे वर्तमानपत्रं बोंबलतात, विरोधक सभागृह डोक्यावर घेतात. तुम्हाला जो 'गोंधळ' वाटतो, बातमी वर जाते ती त्याच गोंधळातून.

पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याची गोष्ट मला राहून राहून आठवते. छत्तीस वर्षं पंतप्रधान राहिलेला हा गृहस्थ १९६८ मध्ये पडला आणि मेंदूत रक्तस्राव होऊन अंथरुणाला खिळला. राष्ट्राध्यक्षांनी दुसरा पंतप्रधान नेमला. पुढे सालाझार थोडा सावरला, पण तुम्ही आता पंतप्रधान नाही हे त्याला सांगायची कोणाची छाती होईना. मंत्री येऊन भेटत राहिले, तो सूचना देत राहिला. १९७० मध्ये तो वारला तो बहुधा आपणच देश चालवतोय अशा समजुतीत.

सिंगापूरचं उदाहरण तुम्ही देणार हे मला ठाऊक आहे, सगळेच देतात. ली कुआन यू यांनी देश उभा केला, यात वाद नाही. विरोधकांना त्यांनी जेरीस आणलं हेही खरंच, पण निवडणुका होत होत्या आणि १९९० मध्ये त्यांनी जिवंतपणी पंतप्रधानपद सोडलं. असा एक सापडतो, तेव्हा दुसरीकडे झाईरमध्ये, म्हणजे आजच्या काँगोत, मोबुतू बत्तीस वर्षं देश लुटत बसलेला असतो. आपल्या वाट्याला यातला कोण येणार हे आधी कळत नाही, आणि मोबुतू आला तर परत पाठवता येत नाही.

लोकशाही शहाणीच माणसं निवडते, असं मात्र मी म्हणणार नाही. तसा पुरावा मला तरी फारसा दिसलेला नाही. शिवाय ती स्वतःच्या पायावर धोंडाही पाडून घेते. २३ मार्च १९३३ला जर्मन संसदेने ४४४ विरुद्ध ९४ मतांनी कायदे करायचा आपला अधिकार हिटलरच्या सरकारला देऊन टाकला. सभागृहात गणवेशातले नाझी गुंड उभे होते, कम्युनिस्ट खासदार तुरुंगात होते किंवा पळालेले होते, हे सगळं खरं. तरी हात वर करणाऱ्यांत नाझी नसलेले पक्षही होते. ती ९४ मतं सगळी सोशल डेमोक्रॅट्सची.

राहिला झटपट निर्णयाचा मुद्दा. ३ डिसेंबर २०२४च्या रात्री साडेदहाच्या सुमारास दक्षिण कोरियाचे राष्ट्राध्यक्ष यून सुक-योल यांनी टीव्हीवर येऊन लष्करी कायदा पुकारला. संसदेभोवती पोलिसांचा वेढा पडला, सैनिक आत शिरू लागले. कर्मचाऱ्यांनी खुर्च्या-टेबलं दाराला लावली, आग विझवायचे फवारे सैनिकांवर सोडले. काही खासदार कुंपणावरून उड्या मारून आत आले, त्यांत सभापतीही होते. रात्री एकच्या सुमारास सभागृहात १९० जण जमले होते, आणि लष्करी कायदा उठवण्याच्या बाजूने पडली १९० मतं. त्यातली १८ यून यांच्याच पक्षाच्या खासदारांची होती.