सुपरवायझरनं सेवा करायची म्हणजे कुणाचं काम करायचं?

प्रश्न : कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत एका मशिन शॉपला मी सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशिनचा) ऑपरेटर होतो. दिवाळीनंतर शिफ्ट सुपरवायझर झालो. हाताखाली चौदा जण, त्यातले दोघं वडिलांच्या वयाचे. कंपनीनं 'सर्व्हंट लीडरशिप'चं ट्रेनिंग दिलं, साहेबानं माणसांची सेवा करायची म्हणून सांगितलं. तेव्हापासून कुणाला उशीर झाला की त्याचं मशिन मी चालवतो, रिजेक्शनचा, म्हणजे नापास मालाचा, रिपोर्टही मीच भरतो. पोरं आता बिनधास्त म्हणतात, 'साहेब हाईत की!' माझं चुकतंय कुठं?

उत्तर : तुम्ही करताय ती बदलीची ड्यूटी. 'सर्व्हंट लीडरशिप'ची कल्पना मांडली रॉबर्ट ग्रीनलीफ यांनी. अमेरिकेतल्या एटी अँड टी या टेलिफोन कंपनीतून निवृत्त झाल्यावर, १९७० मध्ये. कसोटीही त्यांनीच दिली : ज्यांची सेवा केली ती माणसं अधिक जाणती, अधिक स्वतंत्र होतात का? 'साहेब हाईत की' ऐकू येत असेल तर निकाल लागलाच.

माणसाचं काम त्याच्याकडेच ठेवा, त्याच्या वाटेतला अडथळा तेवढा तुम्ही काढा. त्यासाठी आधी अडथळे दिसायला हवेत. आठवडाभर एक वही ठेवा. दहा मिनिटांवर मशिन थांबलं की वेळ, मशिन नंबर, कारण आणि ते कोण दूर करू शकतो, एवढंच लिहायचं. ऑपरेटरचं नाव लिहू नका. नाव दिसलं की दुसऱ्या दिवसापासून खरं कारण कुणी सांगणार नाही.

कारणं बहुतेक ठरलेली निघतात. इन्सर्ट (टूलच्या टोकाचं बदलायचं कापणारं पातं) संपले आणि स्टोअरची किल्ली जेवायला गेली. माप तपासायचं गेज दुसऱ्या शिफ्टच्या ड्रॉवरमध्ये. मशिनवर ड्रॉइंगची जुनी प्रत. आणि फौंड्रीच्या, म्हणजे ओतकामाच्या, गावात हमखास सापडणारं कारण म्हणजे कास्टिंगमधला हार्ड स्पॉट, ओतीव मालातली कडक जागा. इनॉक्युलेशन (लोखंडाच्या रसात ओतताना मिसळायचं द्रव्य) कमी पडलं किंवा पातळ भाग झपाट्यानं थंड झाला की तिथं चिल, म्हणजे कडक थर, बसतो, कडेला इन्सर्ट तुटतो आणि 'टूल फार लागतात' म्हणून बोलणी ऑपरेटर खातो. इथं सुपरवायझरची खरी गरज असते. तुटलेला इन्सर्ट आणि तो जॉब हीट नंबरसकट (माल कुठल्या वितळीतला, तो नंबर) बाजूला काढा, हार्डनेस तपासून घ्या आणि स्वतः फौंड्रीच्या माणसासमोर ठेवा. ऑपरेटरला तिथं कुणी विचारत नाही, तुमचं ऐकावं लागतं.

मात्र इन्सर्ट मशिनजवळ ठेवायची सोय केली की हिशेबही कडक ठेवा. सीएनएमजी प्रकारच्या इन्सर्टला कापणाऱ्या चार कडा असतात. चारही वापरलेला जुना परत आल्याशिवाय नवा द्यायचा नाही. सेवा करणारा साहेब ढिला असतो, असं कुणी सांगितलं? फर्स्ट पीस (पहिल्या नगाची) तपासणी, दरवाजा उघडा असताना मशिन चालू न देणारा इंटरलॉक, जॉब धरून फिरणाऱ्या चकजवळ हातमोजे घालायचे नाहीत हा नियम, यांत दया दाखवलीत तर बोट जाईल, तेही दुसऱ्याचं.

उशिरा येणाऱ्याचं मशिन चालवू नका. त्याच दिवशी, चौघांच्या देखत नाही, पाच मिनिटं विचारा. एसटी चुकते, उसाला रात्रीचं पाणी द्यायचं असतं, घरात आजारपण असतं. शिफ्ट बदलून प्रश्न सुटत असेल तर बदलून द्या. नुसती सवय असेल तर नियमानं मेमो. रिजेक्शन रिपोर्ट दोनदा शेजारी बसून भरून घ्या, तिसऱ्यांदा त्याचा तो भरेल.

त्या दोन अण्णांना पोरांसमोर हुकूम सोडू नका. सेटिंग बदलायचं असेल तर आधी त्यांना विचारा आणि आठवड्यातून एक तास एकेक नवा पोरगा त्यांच्या हाताखाली द्या. तो तास प्लॅनमध्ये लिहून ठेवा, नाहीतर डिस्पॅचच्या घाईत पहिला तोच कापला जातो.

रजेचंही तसंच. उसाची तोड आणि जोतिबाची चैत्र यात्रा अचानक येत नाहीत. महिनाभर आधी भिंतीवरच्या कॅलेंडरवर ज्यानं त्यानं नाव लिहावं. जूनमध्ये आणखी एक यादी करा : पंचगंगा नदीच्या अलीकडं कोण राहतं, पलीकडं कोण. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ हायवेच बंद पडला होता. नदीवरच्या राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट, धोक्याची ४३. एकोणचाळीसकडं पाणी सरकायला लागलं की कुणी यायचं, कुणी नाही, हे मॅनेजरकडून ठरवून आदल्या संध्याकाळीच फोन करा. पाण्याच्या कडेला उभं राहून माणसानं गैरहजेरीची काळजी करू नये.

प्रश्न : माणसांच्या वाटेतले अडथळे काढायचे हे सगळं ठीक, पण आमचे मालक फक्त 'नग किती?' एवढंच विचारतात. त्यांना कसं पटवायचं? (दुसरे एक वाचक, गोकुळ शिरगाव)

उत्तर : नगांतच सांगा. एका नगाची सायकल सहा मिनिटांची असेल आणि गेजपायी मशिन रोज चाळीस मिनिटं थांबत असेल, तर सहा नग गेले. महिन्याच्या सव्वीस दिवसांत १५६. शेजारी गेजची किंमत लिहा. एका वेळी एकच मागणी न्या. पाच नेल्या की पाचही 'बघू' मध्ये जातात. आणि मालक नाही म्हणाले तर तेही त्याच दिवशी ऑपरेटरला जाऊन सांगा, कारणासकट. उत्तरच आलं नाही की पुढची अडचण तो तुमच्यापर्यंत आणत नाही, मशिन गुपचूप थांबवून बसतो.