सासूबाई रोज संध्याकाळी "तासगावला घरी जायचंय" म्हणून पिशवी भरतात, डिमेन्शिया आहे, आम्ही सांगलीत विश्रामबागला राहतो. काय सांगावं त्यांना?

"अहो हेच तुमचं घर" असं पटवत बसू नका, "हो, जाऊया की, आधी चहा घेऊ" म्हणा आणि चहा होईपर्यंत तासगावबद्दलच बोलतं करा. आमच्या आईचं ७ वर्षं घरीच केलं त्यावरून सांगतेय, मी पण आधी रोज वाद घालायचे आणि रोज हरायचे. या आजारात बहुतेक वेळा नव्या आठवणी आधी जातात, जुन्या जास्त टिकतात, त्यामुळं त्यांच्या डोक्यात घर म्हणजे तासगावचंच, आणि बऱ्याचदा तर ती नुसती बेचैनी असते, लघवी लागलेली असते, भूक लागलेली असते पण सांगता येत नाही, म्हणून ते आधी बघा. दिवेलागणीला हे वाढतं. अंधार पडायच्या आत सगळे लाइट लावा, भांडाभांडीच्या सिरियल बंद, दुपारची झोप थोडी कमी करा. पिशवी काढून घेऊ नका, भरू दे की, काय बिघडतं. फारच हट्ट केला तर चपला घालून सोबत गल्लीत एक चक्कर मारून आणा, आमची आई परत दारात आली की "आलं बाई घर" म्हणायची. त्यांच्याजवळ तुमच्या फोन नंबरची चिठ्ठी मात्र कायम असू दे.

फक्त हे हळूहळू वाढत आलेलं असेल तरच. दोन-चार दिवसांत एकदम गोंधळ वाढला असेल तर युरिन इन्फेक्शन, सोडियम कमी होणं, नवीन गोळी असं काहीही असू शकतं, त्याच दिवशी डॉक्टरकडं न्या, आणि झोपेची गोळी आपल्या मनानं अजिबात देऊ नका.